गाडी का तापते? (व्हाया मेडशी)

गाडी तापते म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न आपल्या पिढीला फारसा पडत नाही. आपल्या गाड्या तापतच नाहीत ना! वडिलांच्या पिढीला मात्र हा प्रश्न तोंडपाठ होता. २००२ साली मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला, त्याआधीचा खंडाळ्याचा घाट आठवा. दर दोन वळणांवर एक फियाट नाहीतर अ‍ॅम्बॅसॅडर बॉनेट उघडून उभी, आतून वाफ, चाकांमागे दगड आणि बाजूला कॅन घेऊन पाणी शोधणारे गृहस्थ. डिकीत पाण्याचा कॅन असणं हे स्टेपनी असण्याइतकंच गृहीत होतं.

मग गाड्या सुधारल्या आणि आपण ते सगळं विसरलो. मला तर वाटतं, डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या थर्मामीटरच्या चिन्हाकडे आपण गाडी विकत घेतली त्या दिवशी शेवटचं बघितलेलं असतं. काही गाड्यांमध्ये तर काटाच राहिलेला नाही. फक्त एक दिवा, थंड असताना निळा आणि जळायला आल्यावर लाल. मधलं सगळं 'ऑल इज वेल'.

तर या वीकेंडला जरा बॉनेट उघडूया.

पहिली गोष्ट. आपण ज्याला 'इंजिन' म्हणतो ती खरं तर एक भट्टी आहे, आणि तिचा थोडासा उपयोग आपण चाकं फिरवायला करून घेतो. हे थट्टेने म्हणत नाहीये. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या दिशेने जाते, तीही चांगल्या दिवशी. एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर. उरलेली सिलिंडरच्या भिंतींमध्ये, म्हणजे इंजिनच्या अंगात शिरते. ती कोणीतरी बाहेर काढायला हवी. सिलिंडरच्या आत जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन असतो ते ६६० अंशांना वितळतं. म्हणजे आपल्या रोजच्या ऑफिसच्या वाटेवर मिनिटाला हजारदा अशी आग लागते, जिने इंजिन वितळायला हवं. ते वितळत नाही याचं श्रेय कुणाला? पाण्याला.

पाणी इंजिनमधल्या पोकळ्यांतून फिरतं, उष्णता उचलतं, पुढे रेडिएटरमध्ये येतं. तिथल्या बारीक नळ्यांना हवा लागते, पाणी गार होतं, पुन्हा आत जातं. बास, एवढंच. हे रेडिएटरचं गणित नीट जमवलं ते विल्हेल्म मायबाख या माणसाने. त्याआधी गाड्यांवर पाण्याच्या मोठ्या टाक्या असत, पाणी उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावं लागे. १९०१ च्या मर्सिडीजसाठी मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात हजारो छोट्या चौकोनी नळ्या होत्या. पाणी कमी, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पट जास्त. आजही प्रत्येक गाडीच्या नाकात तीच कल्पना बसलेली आहे.

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडता पार्ट म्हणजे थर्मोस्टॅट. पितळेच्या एका डबीत मेण भरलेलं असतं. मेण ८०-९० अंशांच्या दरम्यान वितळतं, फुगतं, एक दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडे जाणारा झडपेचा दरवाजा उघडतो. इंजिन गार झालं की मेण आकसतं, दरवाजा बंद. ना वायर, ना कोड, ना पॅच. नव्वद वर्षं झाली ही आयडिया येऊन, आणि बहुतेक गाड्यांमध्ये अजून प्रॉडक्शनमध्ये आहे. आपल्यापैकी कुणाचा कोड नव्वद महिने तरी टिकलाय का? (ह. घ्या.)

आणि शेवटचं, झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे अक्षरशः प्रेशर कुकरची शिट्टी. आत साधारण एक वातावरण इतका जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट घातलं की अजून वर. म्हणजे इंजिनला २०-२५ अंशांची उसंत मिळते. हे झाकण लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता एवढी चोख व्यवस्था असताना गाडी तापते कशी? पुस्तकी उत्तर सोपं आहे : उष्णता तयार होण्याचा वेग बाहेर टाकण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की. पण हे म्हणजे 'सर्व्हर डाऊन का झाला? लोड जास्त झाला' असं सांगण्यासारखं आहे. बरोबर आहे, उपयोग शून्य. खरं उत्तर मला मेडशीला मिळालं.

मेडशी कुठे, हे पुण्या-मुंबईकडच्यांना सांगायला हवं. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूर लागतं, पातूर सोडलं की घाट, सागाचं जंगल, आणि घाट चढून वर आलं की वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव तालुक्यातलं हे गाव. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास, वाशिम ५५० च्या. म्हणजे वऱ्हाडाच्या मैदानातून पठारावर चढायची ही पायरी. खंडाळ्यासमोर हा घाट किरकोळ वाटेल, पण मे महिन्यात भर दुपारी चढून बघा, मग बोलू.

आम्ही तेच करत होतो. मे २०१८. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन तीन दिवस झाले होते आणि अकोल्याच्या हॉस्पिटलमधून त्यांना वाशिमला घरी न्यायचं होतं. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. पण डिस्चार्जचे कागद, इन्शुरन्सची सही, बिलातली एक चूक, असं करत करत बारा वाजले. डॉक्टरांनी जाताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, 'दगदग नको आणि उन्हात नको.' बाहेर पारा चव्वेचाळीसच्या घरात. गाडी मामांची, जुनी पण ठणठणीत. चालवायला मामेभाऊ, पुढे मी, मागे बाबा आडवे आणि आई त्यांच्या उशाशी. एसी फुल.

पातूर सोडून घाट लागला आणि पाच-सात मिनिटांत काटा अर्ध्याच्या वर सरकला. मामेभावाने माझ्याकडे बघितलं, मी आरशातून बाबांकडे. तो हळूच म्हणाला, "दादा, एसी बंद करून हीटर लावला तर वाचल गाडी."

युक्ती एकदम बरोबर होती. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला दुसरा छोटा रेडिएटरच असतो. तो लावला की इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये येते. पण त्या केबिनमध्ये तीन दिवसांपूर्वी स्टेंट बसवलेला माणूस होता! इंजिन वाचवायचं तर बाबांना तापवायचं आणि बाबांना गार ठेवायचं तर इंजिनला तापवायचं. अशा ट्रेड-ऑफवर आपण मीटिंगमध्ये किती सहज बोलतो. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटेना.

एसी चालूच ठेवला.

त्या वेळी काय चाललं होतं त्याचं गणित मी नंतर घरी बसून मांडलं. माणसांसकट गाडी १५०० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जायला तिला अडीच-तीन किलोवॅट पुरतात. त्याच वेगाने पाच टक्के चढ चढायचा तर नुसती गाडी वर उचलायलाच आणखी आठ किलोवॅट लागतात. म्हणजे काम चौपट आणि त्याबरोबर भिंतीत शिरणारी उष्णताही त्याच बेताने वाढलेली. त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो, म्हणजे त्याचा बोजा वेगळा.

आता दुसरी बाजू. पाणी हवेला किती उष्णता देणार हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ असेल तर फरक ६५. हवा ४५ असेल तर फरकही ४५. म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्याच्या दुपारी जवळजवळ तीस टक्के कमी काम करतो, काहीही न बिघडता! वरून एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच शेकलेली. खालच्या गियरमध्ये इंजिन गरगर फिरतंय पण गाडीचा वेग कमी, म्हणजे समोरून वारा कमी. आणि वारा पाठीमागून घाट चढत असेल तर तो आपल्याच वेगाने आपल्याबरोबर येतो, रेडिएटरला लागतच नाही. सगळा भार एकट्या पंख्यावर.

यातलं एकेक कारण गाडी आरामात पचवते. सगळी एकाच दुपारी आली की नाही. पण तरीही, चांगली गाडी यातून पार पडायला हवी. आमच्या पुढे-मागे शेकडो गाड्या तोच घाट चढत होत्या. मग आमचीच का?

घाट संपला, काटा लालच्या काठावर. मेडशीला रस्त्याकडेला एक कडुलिंब, चहाची टपरी आणि पंक्चरचं दुकान दिसलं. सावलीत थांबलो. बाबांसाठी एसी हवा म्हणून इंजिन चालूच ठेवलं. आणि काय आश्चर्य, दोन मिनिटांत काटा सरसर खाली! अर्ध्याच्याही खाली. मामेभाऊ खूश. "उतरला दादा! चल, निघू. मालेगावात दाखवू गॅरेजवाल्याले."

पंक्चरच्या दुकानातला पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, टायर सोडून उठून आला. "आंधी गाडी बंद करा," म्हणाला.

"अरे, काटा उतरला ना पण."

"काटा उतरला म्हंजे पाणी संपलं भाऊ. काटा पाण्यात बुडेल असते. आतमंधी पाणीच नाई, त मोजन कायले?"

मी पंधरा वर्षं मॉनिटरिंगची सॉफ्टवेअरं लिहितोय. अलर्ट, डॅशबोर्ड, हिरवे-लाल दिवे, हाच धंदा. त्याचं हे एक वाक्य मी नंतर टीममधल्या प्रत्येक नवीन मुलाला सांगितलंय. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, इंजिनचं नाही. पाणी गेलं की तो नुसत्या हवेत आणि वाफेत लटकतो, काटा खाली येऊ शकतो, आणि डॅशबोर्ड सांगतो सगळं छान आहे. इंजिन मात्र तेव्हाच जळत असतं. आणखी दहा मिनिटं तसंच चालवलं असतं तर अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकलं असतं, गॅस्केट फुटलं असतं, आणि मेडशी-मालेगावच्या मध्ये, जिथे सावलीही मिळेल न मिळेल अशा ठिकाणी, आम्ही बाबांना घेऊन उभे असतो. ते चित्र मला अजून मधूनच दिसतं.

जाता जाता अजून एक. ज्या गाड्यांमध्ये काटा असतो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम 'शहाणा' केलेला असतो. तापमान ८० असो की १००, तो मधोमध. थोडं वर-खाली झालं की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतं, म्हणून. म्हणजे काटा हलला याचा अर्थ 'आता गडबड सुरू झाली' असा नसून 'गडबड बरीच पुढे गेली' असा असतो.

गाडी बंद केली. टपरीवाल्या काकांनी न विचारता आपली बाज कडुलिंबाखाली ओढली, बाबांना त्यावर निजवलं. आईने पंचा ओला करून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि मी उगीचच दर पाच मिनिटांनी त्यांची नाडी बघत होतो. शेवटी तेच म्हणाले, "माझा पंप नवीन केलाय रे, त्या गाडीचा बघ."

मामेभाऊ तोवर फडकं घेऊन झाकण उघडायला निघालेला. तो पोरगा ओरडलाच, "उघडू नोका! तोंड भाजन." कुकरचं उदाहरण आठवा. आत पाणी ११५ अंशांवर आहे पण दाबामुळे उकळत नाहीये. झाकण काढलं की दाब गेला, आणि १०० च्या वरची सगळी उष्णता एका क्षणात पाण्याची वाफ करते. हिशोब केला तर लिटरभर पाण्यातलं जेमतेम तीन टक्के पाणी उडतं, पण त्याची वाफ होते चाळीस-पंचेचाळीस लिटर. ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन सरळ तोंडावर येते. आत पाणी 'संपलेलं' असलं तरी तळाशी उरलेलं तेवढं करायला पुरेसं असतं. त्यामुळे किमान अर्धा-पाऊण तास वाट बघायची, वरचा पाइप हाताने दाबून मऊ आणि कोमट झालाय का बघायचं, आणि मगच.

तासाभराने त्याने झाकण उघडलं. बोट आत घालून बाहेर काढलं तर तांबडा गाळ, आणि झाकणाच्या कडेला पांढरी खपली. त्याने एकच प्रश्न विचारला. "गाडी कुठली भाऊ? खाऱ्या पट्ट्यातली काय?"

होती! मामांचं गाव पूर्णेच्या काठाकडचं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा पसरलाय, त्यातलं. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट. पिण्यालायक नाही, ओलिताला धड नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या पाण्याशी झगडतायत. किडनीच्या आजारांची चर्चा तिथे घरोघरी असते. आणि ज्या गॅरेजमध्ये मामांची गाडी जायची, तिथे कूलंट संपलं की बोअरचं पाणी ओतायचे. वर्षानुवर्षं.

त्या पाण्यातले क्षार तापले की नळ्यांच्या आतून थर धरतात, घरच्या बंबात धरतात तसाच. हा थर उष्णतेला धातूच्या मानाने शंभरपट तरी नाखूश. आधी नळीच्या भिंतीवर गोधडी, मग नळीच बंद. वर क्षारांतलं क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम कुरतडतं. कूलंट म्हणजे नुसतं 'रंगीत पाणी' नव्हे, हे इथे कळतं. ग्लायकोल उकळबिंदू वाढवतं हे आहेच, पण आपल्याकडे, जिथे पाणी गोठायचा प्रश्नच नाही, त्याचं खरं काम म्हणजे गंज आणि थर थांबवणं. पुढे गॅरेजमध्ये तो रेडिएटर कापून बघितला तेव्हा निम्म्याहून जास्त नळ्या बुजलेल्या निघाल्या.

आता कोडं सुटतं. ही गाडी सपाटीवर कधीच तापली नव्हती. मामा गाव ते अकोला रोज करायचे. निम्मा रेडिएटर त्या कामाला पुरत होता, आणि काटा मधोमध. थर्मोस्टॅट बिचारा थोडा जास्त उघडून कमतरता झाकत होता. ज्या दिवशी घाट, ऊन, एसी आणि पाच माणसांपैकी चार आणि सामान असं एकत्र आलं, त्या दिवशी झाकायला काही उरलं नव्हतं. गाडी मेडशीच्या घाटात बिघडली नाही. ती आधीच काही वर्षं बिघडलेली होती, घाटाने फक्त विचारणा केली.

म्हणून गाडी 'कधी' तापते यावरून 'का' तापते हे बऱ्यापैकी कळतं. आपलं नेहमीचं डीबगिंग. ट्रॅफिकमध्ये तापते पण हायवेला लागली की गार होते? पंखा बघा, त्याचा रिले, फ्यूज. (हायवेला वारा फुकट मिळतो.) उलट, शहरात ठीक पण घाटात किंवा समृद्धीवर १२० ने तासभर चालली की तापते? पाणी पुरेसं फिरत नाहीये, किंवा गार होत नाहीये : रेडिएटर, पंप, अर्धवट अडकलेला थर्मोस्टॅट. सुरू करून दहा मिनिटांत तापते? थर्मोस्टॅट बंदच राहिलाय किंवा आत हवा अडकलीय. पाणी कुठेच गळताना दिसत नाही पण कमी होत राहतं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर? देवाचं नाव घ्या, हेड गॅस्केट.

आणि एक इलाज कोणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा : 'थर्मोस्टॅट काढून टाकू साहेब, आपल्याकडे कशाला लागतो?' काढला की इंजिन नेहमी थंड चालतं, जास्त पेट्रोल पितं, लवकर झिजतं, आणि खरं दुखणं तसंच आत राहतं. अलर्ट त्रास देतो म्हणून अलर्टच बंद करण्यापैकी आहे ते.

त्या दिवशी पोराने टपरीतल्या पिण्याच्या कॅनचं पाणी हळूहळू, इंजिन पुरतं निवल्यावर भरलं. गरम इंजिनवर एकदम गार पाणी ओतलं तर धातूला तडा जातो, हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. पैसे विचारले तर पंक्चरएवढे सांगितले. उन्हं कलल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, पठारावरच्या सपाट रस्त्याने चाळीसच्या वेगाने वाशिमला पोचलो. बाबा आता रोज तीन किलोमीटर चालतात आणि आम्हाला सगळ्यांना पाणी कमी प्या-जास्त प्या यावर सल्ले देतात.

मामांनी नवीन रेडिएटर बसवला. आता डिकीत कूलंटचा डबा असतो, आणि गॅरेजवाल्याने बोअरकडे पाइप नेला की मामा स्वतः उठून उभे राहतात.

तुमच्यासाठी गृहपाठ एवढाच. उद्या रविवार, सकाळी गाडी गार असताना बॉनेट उघडा. अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची एक छोटी टाकी दिसेल, तिच्यावर 'मिनिमम' आणि 'मॅक्सिमम' अशा दोन रेघा असतील. पातळी दोघींच्या मधे आहे का आणि रंग हिरवा-गुलाबी-निळा जो काय असेल तो आहे की चहासारखा झालाय, एवढं बघा. दोन मिनिटांचं काम आहे. पाणी चहासारखं दिसलं तर सोमवारी ऑफिसला दांडी मारलेली चालेल, मॅनेजरला माझं नाव सांगा.